टक कुणी केली?

माझ्या डाव्या हाताची दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत. ती जिनं मोडली तिच्याबद्दल हे लिहिते आहे. तिच्यावर माझा राग नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणारा शेवटपर्यंत त्याचीच वाट बघत बसेल.

ती लोहाराची मुलगी. वसतिगृहात तिला सगळ्या ‘घण’ म्हणायच्या, आणि पुढे तीही त्या हाकेला ओ द्यायला लागली, म्हणून मीही तेच म्हणते. आम्ही दोघी पहिल्या वर्षाला, तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीत. ती धातुशास्त्राला, मी साहित्याला. पहिल्या दिवशी तिनं आपली पत्र्याची ट्रंक एका हातानं उचलून माळ्यावर ठेवली, मग माझीही ठेवली. मी “अगं थांब, दोघी मिळून...” म्हणेपर्यंत काम झालंसुद्धा होतं. तिचा उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत डाव्याच्या दीडपट होता. तिच्या सगळ्या सदऱ्यांची उजवी बाही तिच्या आईनं उसवून, आत पट्टी घालून रुंद केलेली होती.

विद्यापीठातल्या वस्तू तिच्या हाताला पुरत नसत. दाराची कडी पहिल्याच आठवड्यात स्क्रूसकट हातात आली. ती लिहायची तेव्हा अक्षरं खालच्या तीन पानांवर उमटायची. प्रयोगशाळेत तिनं दोन दिवसांत चार परीक्षानळ्या फोडल्या, तेव्हा तिथले सर म्हणाले, “बाई, ती काच आहे, वैरी नाही.”

“सर, मी हळूच धरली होती,” ती खरोखर कळवळून म्हणाली, आणि सगळा वर्ग हसला.

पण तिला छळत होतं ते वेगळंच. दोनशे मुलांच्या वर्गात कुणीतरी येऊन तासभर बोलून जायचं, ग्रंथालयात हजारो पुस्तकं नुसती उभी असायची, परीक्षा कुठेतरी लांब होती. “इथे कुणी सांगतच नाही गं,” ती एकदा उशीला टेकून म्हणाली, “कधी सुरू करायचं आणि कधी थांबायचं.”

“तुला घरी कोण सांगायचं?”

“बाबांची हातोडी.”

मग तिनं सांगितलं. भट्टीतून तापलेलं लोखंड बाहेर आलं की वडिलांच्या डाव्या हातात सांडशी, उजव्या हातात छोटी हातोडी. समोर ही, दोन्ही हातांत घण घेऊन. वडील लोखंडावर जिथे हलकेच ‘टक’ करतील, तिथे हिनं घाव घालायचा. पुन्हा टक, पुन्हा घाव. त्यांनी हातोडी ऐरणीवर आडवी ठेवली की थांबायचं. बोलायचं नाही, बोललेलं ऐकू येतही नाही.

“आणि तू बघतेस कुठे? लोखंडाकडे?”

“हातोडीच्या टोकाकडे. बाबांकडे नाही, लोखंडाकडे नाही. मध्ये विचार आला की घाव चुकतो.”

तिच्या आधी घण तिचा मोठा भाऊ मारायचा. एक दिवस त्याच्या मनात काहीतरी आलं, घाव अर्ध्या क्षणानं उशिरा पडला आणि वडिलांचा डावा अंगठा गेला. भाऊ त्या दिवसानंतर घणाला शिवला नाही. वर्षभरात घर सोडून गेला. ही तेव्हा तेरा वर्षांची होती. तिनं घण उचलला तो प्रवेशाचा कागद हातात पडेपर्यंत खाली ठेवला नाही. आता वडील एकटे होते आणि एकट्यानं होतं तेवढंच करत होते: कोयंडे, बिजागऱ्या, खिळे. निरोप देताना ते एवढंच म्हणाले होते, “तिकडं हात सांभाळ, बाई. तुझा हलका हातसुद्धा लोकांना जड जाईल.”

प्रवेशाच्या वेळी आम्हा सगळ्यांना नियमांचा एक कागद दिला होता. आम्ही न वाचता सह्या केल्या. तिनं वाचून केली. सातवा नियम तिला पाठ होता: वसतिगृहात मारहाण करणाऱ्या विद्यार्थिनीस विद्यापीठातून काढून टाकण्यात येईल. तिला वाटायचं तो नियम खास तिच्यासाठीच लिहिला आहे.

*

मारहाण वसतिगृहात रोजच होत होती. साडेसहाला, जेवणाआधी, मागच्या धुण्याच्या खोलीत. त्याला ‘हजेरी’ म्हणत.

ती खोली लांबट होती. एका भिंतीला दगडी हौद, वर कपडे वाळत घालायच्या तारा, मधोमध इस्त्रीचं लाकडी टेबल. ओल्या कपड्यांचा आंबूस वास. पहिल्या वर्षाच्या आम्ही अकरा जणी भिंतीला पाठ लावून उभ्या राहायचो, नजर पायांवर. हजेरी घेणारी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला आम्ही ‘थोरली’ म्हणायचं असा तिचाच हुकूम होता. तिच्या दोन्ही बाजूंना दोन जोडीदारणी असायच्या; त्यांना आम्ही आपसांत डावी आणि उजवी म्हणायचो.

थोरली वाईट दिसत नव्हती, वाईट बोलतही नव्हती. पहिल्या आठवड्यात मला ताप भरला तेव्हा कपाळावर ओल्या घड्या तिनंच ठेवल्या होत्या. रेक्टरबाईंचा तिच्यावर इतका विश्वास की वसतिगृहाच्या किल्ल्या तिच्या कमरेला असत. पहिल्या हजेरीला ती हौदाच्या काठावर बसून म्हणाली, “आम्हीही सोसलंय. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.”

“टाकी दगडाला लावतात,” घण खालच्या आवाजात म्हणाली. तिला ते विनोद म्हणून म्हणायचं नव्हतं. कामातली चूक दुरुस्त करावी तशी ती म्हणाली.

“काय म्हणालीस? हात पुढे कर.”

मारायला कपडे धुण्याचं धोपटणं होतं, जुन्या जड लाकडाचं, पाणी पिऊन काळं झालेलं. थोरलीनं ते खांद्यावरून आणलं. घणनं डोळासुद्धा मिटला नाही. थोरलीच्या मनगटालाच झिणझिण्या आल्या आणि ती हात झटकत म्हणाली, “हात आहे की पाट?” आमच्या रांगेतली सगळ्यांत लहान, जिला आम्ही चिमणी म्हणायचो, ती फिसकन हसली. तिला तिथेच तीन बसले. तिसऱ्याला तिची पाचही बोटं पांढरी पडली, मग हळूहळू जांभळी. नंतर आम्हाला प्रत्येकीला दोन दोन, चिमणीला हसू दिलं म्हणून.

माणूस कशालाही रुळतो. महिन्याभरात आम्ही दुपारचे तास संपले की हात गार पाण्यात बुडवून ठेवायला शिकलो. बधिर हाताला कमी लागतं. उजव्या हाताऐवजी डावा पुढे करायला शिकलो, कारण उजव्यानं लिहायचं असायचं. तक्रार करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही असं नाही. पण तक्रारीची वही रेक्टरबाईंच्या खोलीत होती आणि त्या खोलीची किल्ली थोरलीच्या कमरेला.

दुसऱ्या महिन्यात एका हजेरीला थोरलीनं मला पुढे बोलावलं. “खोलीतल्या जोडीदारणीचं एक गुपित सांग. नाहीतर दहा.”

आदल्या दिवशीच्या मारानं माझे तळवे सुजलेले होते. घणला त्या दिवशी प्रात्यक्षिकात उशीर झाला होता, ती अजून आली नव्हती. मी टकेचं सांगितलं. हातोडीचं, घावाचं, भावाचं, अंगठ्याचं, सगळं. यात गुपित असं काय आहे, असं मी सांगता सांगताच स्वतःला समजावत होते.

थोरली मन लावून ऐकत होती. मग मनापासून हसली. “सोनाराचे शंभर आणि लोहाराचा एक. बरं झालं बाई, माझा खांदा दुखतो हल्ली.”

*

दुसऱ्या दिवशी धोपटणं घणच्या हातात दिलं गेलं. टेबलावर चिमणीचा तळवा.

“मी नाही मारणार,” घण म्हणाली. “सातवा नियम आहे.”

“नियम मला सांगतेस? कायदा मी शिकते, तू भाता फुंक.” थोरलीनं तिच्या गालावरून बोट फिरवलं. “हे बघ, मी मारले तर दहा. तू मारलास तर एक. तूच ठरव.”

घण चिमणीच्या हाताकडे बघत राहिली. पानाएवढा हात. तिच्या जबड्यातले स्नायू हलताना मला दिसले. मग तिनं धोपटणं उचललं. खोलीत कानठळ्या बसवणारा आवाज झाला, तारांवरचे कपडे हलले, चिमणी किंचाळून खाली बसली.

खोलीत परतल्यावर घण भिंतीकडे तोंड करून पडली होती. चिमणी दारातून आत डोकावली. आपल्या तळहाताकडे बघत, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

“अगं, फारसं दुखलंच नाही! मी नुसत्या आवाजानंच घाबरले.”

घण न वळता म्हणाली, “सपाट पडू दिलं आणि शेवटच्या क्षणी ओढून घेतलं. मधली हवा फुटते, तिचा आवाज तो. पत्रा सरळ करायचा पण त्यावर वळ उठू द्यायचा नाही, तेव्हा असं मारतात.”

“सगळ्यांना असं मारशील?”

“ओरडायला शिका आधी. तू चांगली ओरडलीस. बाकीच्या दगड आहेत.”

पुढचे सहा आठवडे आमच्या खोलीत ओरडायच्या तालमी चालल्या. तोंडात उशी कोंबून. एकजण इतका सुरेख हंबरडा फोडायची की घण म्हणाली, “हळू, तू मेलीस तर मला फाशी होईल.” एकजण प्रत्येक वेळी ‘आई गं’ऐवजी ‘आई शप्पथ’ म्हणायची आणि आम्ही हसून हसून लोळायचो. हजेरीला आम्ही तोंडं पाडून जायचो, मार खायचो, रडायचो, आणि परत येऊन पोटभर जेवायचो. त्या वर्षातले आमचे बरे दिवस तेच. घणचं पेनही आता एकाच पानावर उमटायला लागलं होतं. पहिल्या चाचणीत ती वर्गात तिसरी आली. सरांनी तिला प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली दिली आणि म्हणाले, “फोडलंस ते फोडलंस, आता सांभाळ.” त्या दिवशी ती एक पत्र तीनदा लिहून तीनदा फाडत बसली. घरी काय लिहायचं तेच तिला कळेना. इतकं चांगलं तिच्या बाबतीत आधी झालं नव्हतं.

मग एका सकाळी भोजनगृहात थोरली चिमणीच्या समोर येऊन बसली. चिमणीनं चहाचा वाफाळता पेला दोन्ही तळव्यांत आवळून धरला होता. आदल्या संध्याकाळी तिला ‘लोहाराचा एक’ पडलेला होता. थोरलीनं त्या तळव्यांकडे पाहिलं, मग आमच्या टेबलाकडे. साखर आणायला उठली.

*

त्या संध्याकाळी थोरलीच्या हातात एक छोटी हातोडी होती. वसतिगृहाच्या सुताराची असावी.

“आज कुणालाच मार नाही,” ती म्हणाली. “आज खेळ. लोहारकाम बघायचंय आम्हाला.”

टेबलावर तिनं एका ओळीत वस्तू मांडल्या: साबणाची वडी, रिकामी काडेपेटी, बटाटा, पत्र्याचं झाकण, विटेचा तुकडा, आणखी एक साबण. घणच्या हातात धोपटणं. तिनं संशयानं इकडेतिकडे पाहिलं. टेबलावर कुणाचाही हात नव्हता.

टक. साबण चपटा झाला.

टक. काडेपेटी.

तिसऱ्या घावाला घणचे खांदे सैल झाले. पाय आपोआप फाकले, श्वास लयीत आला. तिची नजर हातोडीच्या टोकावर खिळली आणि चेहऱ्यावरून कित्येक महिन्यांचं काहीतरी उतरलं. कधी सुरू करायचं, कधी थांबायचं, हे सांगणारं कुणीतरी पुन्हा समोर होतं. मी तिला इतकी निवांत कधीच पाहिली नव्हती. टक, बटाटा. टक, झाकण. टक, वीट, विटेचे तुकडे आमच्या पायांवर उडाले.

त्याच वेळी डावीनं मागून माझं तोंड दाबलं. उजवीनं माझं मनगट धरून ते टेबलाच्या टोकाशी, शेवटच्या साबणापलीकडे, सपाट दाबलं. टक, साबण. मग हातोडीचं टोक माझ्या मधल्या बोटावर आलं. हलकेच. गार लागलं.

टक.

आवाज वेगळा आला. हाडाचा आणि लाकडाचा मिळून होतो तसा. दुखणं नंतर आलं. आधी मला घणचा चेहरा दिसला: तिला तो आवाज माझ्या आधी कळला होता. धोपटणं तिच्या हातातून गळून पायावर पडलं तरी ती हलली नाही. मग ती टेबलावर वाकली, माझी बोटं बघितली, आणि हौदात ओकली.

“चुकलं वाटतं,” थोरली म्हणाली आणि हातोडी खिशात घातली.

*

दोन बोटं, तीन ठिकाणी. डॉक्टरांनी कागदावर ‘जड वस्तूचा आघात’ असं लिहिलं. रेक्टरबाई माझ्या पलंगाशी बसून म्हणाल्या, “दार ना गं? वाऱ्यानं दार आपटलं असेल.” त्यांनी इतक्या मायेनं विचारलं की मी मान डोलावली.

थोरली फळं घेऊन आली. एक सोलून माझ्या तोंडात फोडी घालत म्हणाली, “दारच बरं. तोंड उघडलंस तर मारणारा हात कुणाचा निघेल? मी काय केलं? एका बोटाला हातोडी लावली. लागलं का तुला माझं?”

म्हणजे तिनं सगळं नीट बांधलं होतं. गप्प राहिलं तर हजेरी चालू. बोललं तर घण बाहेर. मी गप्प राहायचं ठरवलं, आणि त्याला मैत्री असं नाव दिलं.

घण मात्र मिटली. तासांना जाईना. उजवा हात पाठीमागे धरून पलंगावर बसून राहायची, कुत्रं बांधून ठेवावं तसा. मला वेणी घालून द्यायची ती एका डाव्या हातानं, वेडीवाकडी. तिनं घरी एक ओळ लिहिली: मी परत येते आहे.

पत्र टाकल्यापासून चौथ्या दिवशी दुपारी तिचे वडील आले. भेटीच्या खोलीत खुर्चीच्या कडेला बसले. लहानसर माणूस, भुवया जळून गेलेल्या, डाव्या हाताला अंगठा नाही. घणनं मला ओढतच बरोबर नेलं. एकटीनं त्यांच्यासमोर जायचं तिला धैर्य नव्हतं. त्यांनी माझ्या प्लास्टरकडे पाहिलं.

“काय झालं, बाळ?”

“दार लागलं, काका.”

“दार चिमटतं. कडेनं सोलतं.” त्यांनी प्लास्टरबाहेर डोकावणारी नखं बघितली. “हा वरून आलेला घाव आहे.” मग मुलीकडे वळले. रागावले नाहीत. कामाचं विचारावं तसं विचारलं, “टक कुणी केली?”

घणनं सगळं सांगितलं. ते ऐकून त्यांनी बराच वेळ गुडघे चोळले.

“मग तुझा दोष कुठं आला? घाव चुकला तर दोष टक करणाराचा. माझा अंगठा गेला तेव्हा तुझ्या भावाला मी एक शब्द बोललो का?”

“नाही बोललात,” घण म्हणाली. “म्हणूनच तो गेला, बाबा. सगळा दोष तुम्हीच घेतलात. त्याला थोडा द्यायला हवा होता.”

बाहेर कुणीतरी बादली ओढत नेत होतं.

“मग आता?” त्यांनी विचारलं.

“परत नाही येत. म्हणजे, त्यांनी घालवलं तर येईन. आपण होऊन नाही.”

“बरं,” ते उठत म्हणाले. “भट्टी काही मी विझवलेली नाही.” जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला; जड, खरखरीत, आणि अगदी हलका.

*

त्याच संध्याकाळी साडेसहाला घण हजेरीला गेली. मीही गेले, प्लास्टर गळ्यात अडकवून. टेबलावर चिमणीचा तळवा होता, घणच्या हातात धोपटणं.

थोरलीनं हातोडी टेकवली. टक.

घण उभी.

टक. टक. “ऐकू येत नाही का गं?”

घणनं धोपटणं टेबलावर आडवं ठेवलं. “थांबले,” ती म्हणाली.

थोरलीनं ते उचलून पहिला फटका तिच्या खांद्यावर हाणला. दुसरा पाठीत. डावी आणि उजवी तिचे हात धरायला धावल्या, पण हात धरायची गरजच नव्हती. तिनं टेबलाची कड धरून ठेवली होती आणि ती सोडत नव्हती. तिसरा कानावर बसला. कानामागून रक्त गळून बाहीत शिरलं. थोरली आता मोजत नव्हती, बोलत नव्हती, तिचे केस तोंडावर आले होते, आणि प्रत्येक फटक्याबरोबर तिच्या तोंडून एक बारीक, लहान मुलासारखा आवाज निघत होता. “मार! मार ना मला! उचल हात!” ती अखेर ओरडली. तेच तिला हवं होतं. घणचा एक फटका, आणि सातवा नियम.

“मी मारलं तर तू मरशील,” घण म्हणाली. तिचे ओठ फाटले होते. त्यात धमकी नव्हती. वजन सांगावं तसं ती बोलली.

मग धोपटणं तिच्या पाठीवर मोडलं. थोरलीच्या हातात टोकदार ढलपीची मूठ उरली, आणि ती तशीच चिमणीवर वळली. चिमणीनं हात तोंडावर घेतले. ढलपी तिच्या कोपराखालून कातडी फाडत गेली. दुसऱ्यांदा ती वर उठली ती खाली आलीच नाही. घणनं मनगट हवेतच धरलं होतं.

“सोड!”

“चल.”

पुढचं सगळ्या वसतिगृहानं पाहिलं. धुण्याच्या खोलीपासून लांब बोळातून भोजनगृहापर्यंत घण तिला मनगट धरून घेऊन गेली. थोरलीनं तिला लाथा घातल्या, नखांनी तिचा गाल ओरबाडला, दाराच्या चौकटीला पाय अडकवले. चौकटीतून ती पायांसकट निघाली. भोजनगृहाच्या दारात तिनं घणच्या दंडात दात रोवले. आम्ही मागून चालत होतो, चिमणीच्या कोपरावरून फरशीवर थेंब पडत होते. जेवणाऱ्या मुली ताटं हातात घेऊन उभ्या राहिल्या.

“सोड गं, मोडेल हात माझा!”

“मोडणार नाही. किती दाबायचं ते मला कळतं.”

रेक्टरबाईंचा घास हातातच होता. घण त्यांच्या टेबलासमोर थांबली. कानाखालचं रक्त आता गळ्यापर्यंत आलं होतं.

“बाई, हिची बोटं मी मोडली,” तिनं माझ्याकडे हनुवटी केली. “दारानं नाही, या हातानं. हे आधी लिहून घ्या. मग बाकीचं लिहा.”

आणि तिनं थोरलीचं मनगट सोडलं. त्यावर चार बोटं आणि एक अंगठा, लाल, स्वच्छ उमटले होते. तेवढ्यात चिमणी पुढे आली आणि काही न बोलता तिनं आपला फाटलेला हात रेक्टरबाईंच्या ताटाशेजारी ठेवला. मग आमच्यातली दुसरी आली. मग तिसरी. तळवे, मनगटं, पोटऱ्या. टेबलावर जागा उरली नाही.

*

चौकशी समितीत तिघं होते. थोरलीला विद्यापीठातून काढलं. डावी आणि उजवीला वर्षभर बंदी. मग घणची पाळी आली. मला बोलावलं तेव्हा मी पाठ करून गेले होते: तिला फसवलं, तिचा दोष नाही, तिनं आम्हाला वाचवलं.

“ते सगळं नोंदवलं आहे,” अध्यक्ष म्हणाले. ते दमलेले दिसत होते. “पण बोटं मोडणारा हात कुणाचा होता?”

घण शेजारीच उभी होती. “माझा,” ती म्हणाली.

तिचं पहिलं वर्ष रद्द झालं. सातव्या नियमातून याहून सौम्य वाट त्यांना सापडली नाही असं ते म्हणाले. पुढच्या वर्षी हवं तर नव्यानं प्रवेश घेता येईल.

तिला पोचवायला मी बसथांब्यावर गेले. ट्रंक तिनं जमिनीवर ठेवली आणि आम्ही तिच्यावर बसलो. बस दिसली तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं.

“टकेचं थोरलीला मी सांगितलं होतं.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “तुझ्याशिवाय कुणाला सांगितलंच नव्हतं मी.”

“मग बोलली का नाहीस?”

तिनं ट्रंक उचलली. “तू कधी बोलतेस ते बघत होते. लई उशीर केलास.” आणि बसमध्ये चढून तिनं खिडकीतून माझ्याकडे पाहिलं नाही. मी बस वळेपर्यंत उभी होते. त्या वर्षी तिनं माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाही, आणि ते मला योग्यच वाटलं.

पुढच्या वर्षी प्रवेशाच्या दिवशी मी ग्रंथालयाकडे निघाले होते. कचेरीच्या खिडकीपुढे नव्या मुलींची रांग होती, आईबापांसकट, कागदांच्या पिशव्यांसकट. रांगेच्या मध्यावर ती उभी होती. एकटी. केस कापले होते. कानामागचा व्रण दिसत होता.

मी थोड्या अंतरावर थांबले. पुढे व्हायचं धाडस झालं नाही. तिची पाळी आली. खिडकीतल्या कारकुनानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

“पहिलं वर्ष?”

“हो. दुसऱ्यांदा.”

“नापास?”

“नाही,” ती म्हणाली, कागद आत सरकवले आणि आतून आलेला कोरा फॉर्म उचलला. मग मागे वळली, मी तिथेच आहे हे तिला मघापासून ठाऊक असावं, आणि म्हणाली, “तिथे काय उभी आहेस? ये इकडे. हा फॉर्म डाव्या बाजूनं भरायचा की उजव्या, काही लिहिलेलंच नाही यावर.”